बाबांनी बसवलेला तास

घाटकोपरच्या डोंगरावर, भटवाडीच्या वरच्या अंगाला आमची खोली होती. खालच्या रस्त्यावरून वर बघितलं तर पत्र्यांच्या रांगा एकीवर एक रचल्यासारख्या दिसत, त्यातली शेवटून दुसरी रांग आमची. खोलीत शिरताच उजवीकडे मोरी, मोरीशेजारी ओट्यावर स्टोव्ह, समोर लोखंडी कॉट आणि कॉटखाली आमचं अख्खं कोकण: सुक्या बांगड्यांचा डबा, कुळथाचं पीठ, कोकमं आणि मामाने गावाहून पाठवलेला उकडा तांदूळ. आमची सकाळ शेजारच्या स्टोव्हच्या पंपाने आणि हंड्या-कळश्यांच्या आदळआपटीने व्हायची. पाणी खालच्या नळांना आधी, मग मधल्यांना, आणि आमच्या नळापर्यंत यायचं तेव्हा नळ बराच वेळ नुसता सूं सूं करायचा. त्या नळाला उद्देशून आई मालवणीत जे बोलायची ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. पाणी भरून झालं की पेज उकळत ठेवून ती दारात बसायची आणि इमिटेशनच्या माळांचे मणी ओवायची. सोमवार सोडला तर घराला सुकटीचा वास असे आणि माझ्या दप्तरालाही तोच. शाळेत कोणी नाक मुरडत नसे, कारण निम्म्या वर्गाच्या दप्तराला तसाच वास होता.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, पण कोणी विचारलं की गिरणीत काय करत होतात, तर सांगत, “नाटकात होतो.” ते खरंच होतं. गिरणी-गिरण्यांच्या नाट्यस्पर्धा असत, त्यात बाबांनी नायक केले, खलनायक केले, आणि नंतर नंतर ते नाटकं बसवू लागले. गिरणी बंद पडली तसं हे सगळंच संपलं. मग विक्रोळीच्या एका कारखान्यात ते गेटवर लागले. खाकी शर्ट घालून जात, खाकी शर्टात येत, जेवत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. चाळीच्या गणपतीत कोणी म्हटलं, “काका, एखादी एकांकिका बसवा ना,” तर म्हणत, “आता कोणाक वेळ असा?” वेळ त्यांना होता, जीव नव्हता. मला लहानपणी वाटायचं की माणसं चाळिशीनंतर बोलायची थांबतात, तो नियमच असावा.

सातवीत आम्हाला तांबे बाई आल्या. मुलुंडहून यायच्या. वयाने लहान, आवाज त्याहून लहान. मागच्या बाकापर्यंत पोचायचा नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी बाकं हलवायला लावली. सगळी बाकं भिंतीला लावून मधे मोकळी जागा केली आणि स्वतः खुर्ची सोडून एका बाकावर मुलींत येऊन बसल्या. विज्ञान आणि भूगोल त्यांच्याकडे. तास सुरू व्हायचा तो एकाच वाक्याने: “आज मी काही आणलेलं नाही. तुमच्या मनात काय आहे?” आणि मग त्या थांबायच्या. तसं थांबलेलं माणूस मी त्यानंतर पाहिलं नाही. आमच्या डोक्यावरून विमानं सांताक्रुझला उतरायची, एखादं विमान येऊन, खिडक्या थरथरवून निघून जायचं, तरी बाई थांबलेल्याच. त्यांचं म्हणणं होतं की ज्याला प्रश्न पडला नाही त्याला उत्तर सांगणं म्हणजे भूक नसलेल्या पोराला भरवणं. गिळेल, पण अंगी लागणार नाही. त्यांची आणखी एक पद्धत होती. मुलांनी दिलेलं चुकीचं उत्तर त्या फळ्यावर लिहायच्या आणि त्याखाली त्या मुलाचं नाव घालायच्या. बरोबर उत्तराखाली कोणाचंच नाव नसे. एकदा आम्ही विचारलं तर म्हणाल्या, “बरोबर उत्तर सगळ्यांचं असतं. चूक करायची हिंमत मात्र एकट्याची असते.”

या हिमतीपायी फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा नाव लागलं ते संत्याचं. संतोष आमच्याच चाळीतला, वडील टेम्पोवर. सहावीपर्यंत त्याची जागा वर्गाबाहेर होती म्हटलं तरी चालेल. मास्तर त्याला उभा करत, तो काहीतरी भलतंच बोले, वर्ग हसे आणि तो अंगठे धरून उभा राही. एके दिवशी मी सहज बाईंना म्हटलं, “आमच्या नळाला पाणी उशिरा का येतं?” आईच्या शिव्या ऐकून ऐकून डोक्यात बसलेला प्रश्न तो. बाई थांबल्या. संत्या मागून म्हणाला, “पाणी थकतं, बाई. डोंगर चढून थकतं.” वर्ग खो खो हसला. बाई उठल्या, त्यांनी फळ्यावर लिहिलं, “पाणी थकतं,” खाली “संतोष,” आणि वळून विचारलं, “थकतं म्हणजे नेमकं काय होत असेल?” संत्याच्या तोंडाकडे मी तेव्हा बघत होते. आपण बोललो ते कोणीतरी खरंच ऐकलं, हे त्याला कळायला जरा वेळ लागला.

पुढचे कितीतरी दिवस आम्ही त्या थकलेल्या पाण्याच्या मागे होतो. बाईंनी प्लास्टिकची पारदर्शक नळी आणली. शाळेच्या जिन्यात एक बादली ठेवली, नळीचं एक टोक बादलीत, नळी पाण्याने भरलेली, दुसरं टोक संत्याच्या हातात. तो नळी उंच धरायचा, पाणी नळीत एका जागी येऊन उभं राहायचं. खाली आणायचा, पाणी भळाभळा वाहायचं. वर, खाली, वर, खाली. बाई एका शब्दाने सांगायला तयार नाहीत. जिना ओला, पोरं ओली, शिपाई वैतागलेला. शेवटी संत्या ओरडला, “बाई, पाणी बादलीएवढंच चढतं! त्याच्यावर जातच नाय!” आणि मग जरा वेळाने, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, “म्हणजे टाकी आमच्या खोलीपेक्षा वर पाहिजे ना.” त्या संध्याकाळी तो आम्हा सगळ्यांना घेऊन डोंगराच्या अगदी माथ्यावर गेला, टाकी कुठे आहे बघायला. टाकी आमच्या रांगेहून थोडीशीच वर होती. तो तिच्याखाली कमरेवर हात ठेवून उभा राहिला. जणू टाकी त्यानेच बांधली होती.

पण वह्या कोऱ्या होत्या. आमच्या आयांना वही वाचता येत नसली तरी कोरी वही लांबून ओळखता यायची. आई विचारायची, “शाळेत जातंस काय खेळाक? वही कोरी कित्याक?” मी सांगायचे की बाई लिहून देत नाहीत. “मगे पगार कसलो घेता ती?” आईचा प्रश्न रास्त होता. खालच्या रांगेतल्या, दुसऱ्या तुकडीतल्या मुलांचे क्लासवाले सर प्रश्नोत्तरांचे गठ्ठे देत, घोकून घेत, आणि सहामाहीत त्या मुलांना मार्क पडले. आमच्या वर्गाला कमी पडले. संत्याला विज्ञानात पहिल्यांदाच पास होण्याइतके पडले, पण ते कोण बघतंय. पालक शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला आणि सांगून टाकलं की शिक्षणखात्याचे साहेब येऊन तांबे बाईंचा तास बघतील, पालकांपैकी दोघांनी मागे बसावं. बाईंची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. अहवाल वाईट आला तर जूनपासून त्या नाहीत, इतकं ते सरळ होतं.

बाबा त्या सभेला गेले होते. घरी आले ते जेवले नाहीत. नळीचा प्रयोग मी त्यांना पूर्वी करून दाखवला होता, मोरीत, आईच्या बादलीने. तेव्हा ते भिंतीकडून तोंड वळवून उठून बसले होते आणि नळी त्यांनीही एकदा वर-खाली केली होती. आता ते म्हणाले, “रिपोर्ट वाईट इलो तर बाईंची नोकरी जातली.” आई म्हणाली, “जाऊंदेत. दुसरी येतली.” बाबा म्हणाले, “दुसरी अशी नाय येवची.” मग मला विचारू लागले. बाई वर्गात आल्यावर आधी काय म्हणतात? मग कोण बोलतं? आणि कोणी बोललंच नाही तर? मी म्हटलं, बाई थांबतात. “आणि साहेब इल्लो असताना पोरांक काय सुचलाच नाय तर? प्रयोग असो देवाच्या भरवशार सोडतत काय?” त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, खाकी शर्ट न उतरवताच, त्यांनी चाळीतली आमच्या वर्गाची सगळी पोरं नळासमोरच्या मोकळ्या जागेत जमवली.

बाबांनी तास बसवायला घेतला. नाटक बसवतात तसा. पाण्याचाच विषय घेतला, कारण आम्हाला तो पाठ होता आणि त्यात, बाबांच्या भाषेत, ‘मसाला’ होता. पहिला प्रश्न माझा. मग कुजबुज. मग एक चुकीचं उत्तर, त्यावर हशा, मग वाद, एका मुलीने हट्टाने “नाही, मला नाही पटत” म्हणायचं, शेवटी नळी. बाबा प्रत्येकाला जागा दाखवत. “पटकन हात वर नाय करायचा. आधी इकडे तिकडे बघ, विचार करतोस असं दिसलं पाहिजे. नाटकात पॉज असतो, पॉज!” खालच्या रांगेतल्या बायका पायऱ्यांवर येऊन बसू लागल्या. ज्या आयांनी बाईंविरुद्ध तोंड सोडलं होतं त्याच आता पोरं अडखळली की डोळे मोठे करत. आई मणी ओवता ओवता आमची वाक्यं पुटपुटायची. बाबा घरी येऊन दोन वेळा भात घ्यायला लागले. आई मला हळूच म्हणाली, “बघ गो, माणूस परत इलो.” त्या संध्याकाळी होते तितकी सुखी मी क्वचितच झाले असेन.

एकट्या संत्याचं जमत नव्हतं. “पाणी थकतं” हे वाक्य बाबांनी त्यालाच दिलं होतं, साहजिकच. त्यानेच ते मुळात म्हटलं होतं आणि सगळ्या तासातलं तेच सगळ्यात टाळी घेणारं वाक्य होतं. संत्या म्हणाला, “काका, पण आता मला माहितीये ना का चढत नाय ते. मी बरोबर सांगतो.”

“बरोबर सगळेच सांगणार रे. पहिलं चुकलं नाय तर बाई काय करणार? त्यांचं सगळं चुकण्यावरच आहे.”

“मग दुसऱ्या कोणाला द्या.”

“तुझ्यासारखं कोणाला जमणार नाय,” बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “बाईंसाठी कर. वाट लागेल रे त्यांची.”

संत्या मान खाली घालून उभा राहिला आणि मग म्हणाला, “पाणी थकतं, बाई.” अगदी बाबांना हवं तसं.

इथे मला थोडं थांबून आजचं सांगायचं आहे. मी पुढे डी.एड. केलं आणि मुलुंडच्या एका शाळेत आयुष्य काढलं. मूल केंद्रस्थानी ठेवा, असं सांगणारी प्रशिक्षणं इतकी झाली की त्यांची गणती नाही. तिथे एक साहेब तक्त्यावरून वाचून दाखवत आणि आम्ही शिक्षिका माना खाली घालून उतरवून घेत असू. गेल्या वर्षी नातीच्या शाळेत पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. रंगीत गोल टेबलं, भिंतीवर ‘आमचे प्रश्न’ असा फलक. एक चिमुरडी उठली, गालावर बोट ठेवून विचार केला आणि म्हणाली, “टीचर, मला एक प्रश्न पडलाय.” आजूबाजूच्या आया कौतुकाने मोबाइल काढून उभ्या राहिल्या. मी तिचं गालावरचं बोट बघत होते. कोणाच्या तरी बाबांनी बसवलेलं होतं ते. लोक मला म्हणतात, काळ बदलतोय, आता चांगलं शिकवतात. मला तसं वाटत नाही, आणि खोटी आशा दाखवायचं माझं वय राहिलेलं नाही.

तर तो दिवस. साहेब जाडे, घामाघूम, डोंगर चढून आलेले. मुख्याध्यापक त्यांच्या शेजारी. मागच्या बाकावर खालच्या रांगेतले एक गृहस्थ आणि बाबा. बाबांनी जुना पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला होता, नाटकाच्या बक्षीस समारंभांना घालायचे तो. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. चाळीतल्या आया इतकं गुपित राखू शकतात यावर माझा आजही विश्वास बसत नाही. बाई नेहमीसारख्या आमच्यात येऊन बसल्या. चेहरा उतरलेला होता, पण वाक्य तेच म्हणाल्या, “आज मी काही आणलेलं नाही. तुमच्या मनात काय आहे?” आणि थांबल्या.

मी इकडे तिकडे बघितलं, पॉज घेतला, हात वर केला. “बाई, आमच्या डोंगरावर पाणी उशिरा का येतं?”

बाई हसल्या. मी घाबरून जुनंच विचारते आहे असं त्यांना वाटलं असणार. “हे तर आपण शोधलंय ना, शुभा? आठव बरं. दुसरं काही? काहीही चालेल.”

दुसरं काही बसवलेलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे कुजबुज झाली आणि संत्या उभा राहिला. “पाणी थकतं, बाई.” ठरल्याप्रमाणे वर्ग हसला. साहेबही हसले आणि काहीतरी टिपून घेऊ लागले.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू, फक्त त्याच्याशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, “संतोष, तुला माहितीये ना का चढत नाही ते? तूच सांगितलंस मला. जिन्यात.”

संत्याने मागे बघितलं. बाईंनीही त्याच्या नजरेमागोमाग मागे बघितलं. बाबांचे ओठ हलत होते. संत्या पुन्हा वळला. त्याचे कान लाल झाले होते. “थकतं, बाई,” तो म्हणाला.

वर्ग गप्प झाला. हा पॉज बसवलेला नव्हता. आणि त्या शांततेत बाबांना वाटलं की बाई आपलं वाक्य विसरल्या. नाटकात असं होतं, मोठमोठ्यांचं होतं, आणि तेव्हा विंगेतून कोणीतरी सावरून घ्यायचं असतं. बाबा पुढे झुकले आणि दबक्या आवाजात, पण मला स्वच्छ ऐकू येईल इतक्या, म्हणाले, “बाई, फळ्यावर लिहा.”

बाई उठल्या. जाताना त्यांनी एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाकडे. तो राग असता तर बरं झालं असतं. त्यांना फक्त सगळं कळलं होतं. त्यांनी खडू घेतला, “पाणी थकतं” लिहिलं, खाली “संतोष” लिहिलं आणि वळून, आवाज जरा चढवून, मागच्या बाकापर्यंत पोचेल असा, विचारलं, “थकतं म्हणजे नेमकं काय होत असेल?” मग वाद झाला. मग “नाही, मला नाही पटत” झालं. नळी आली, बादली आली. आमच्यातलं एकही पोर चुकलं नाही. बाईही चुकल्या नाहीत. त्यांना न शिकवताच त्यांचं काम चोख आलं.

साहेब उठून टाळ्या वाजवायला लागले. इतका जिवंत वर्ग आपण पाहिला नाही, म्हणाले. मुख्याध्यापकांना त्यांनी सांगितलं की हा पाठ मुद्देसूद लिहून काढा, कुठला प्रश्न कोणी विचारायचा यासकट, इतर शाळांतही असाच घेता येईल. बाईंची नोकरी कायम झाली. बाबा घरी येताना चार जणांना थांबवून सांगत होते, “बाई मधेच अडकल्या होत्या, पण काय सांभाळून घेतलान! आर्टिस्ट असा ती!” आईने त्या दिवशी ताजे बांगडे आणले, तिखलं केलं, शेजारी वाटलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी आपल्यात म्हण आहे. इथे मारुती झालाय हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळे गणपतीच समजून आरती करत होते.

दुसऱ्या दिवशी बाई हातावरचा खडू धूत शाळेच्या नळापाशी उभ्या होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. बाईच म्हणाल्या, “तुझ्या बाबांना सांग, मी आभारी आहे. माझ्यासाठी इतकं कोणी केलेलं नाही.” त्यात टोमणा नव्हता. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्यावर तो शोधत होते. मी निरोप पोचवला. बाबांनी तो परत परत सांगायला लावला.

त्यानंतर बाकं पुन्हा ओळीत लागली. कोणी सांगितलं नव्हतं, बाईंनीच लावून घेतली. त्या फळ्यावर प्रश्न लिहायच्या, खाली उत्तर लिहायच्या, आम्ही उतरवायचो. त्या वाईट शिकवत नव्हत्या. अक्षर सुंदर होतं, मार्क वाढले, पालक खूश झाले. मास्तरांपासून आयांपर्यंत सगळे म्हणाले, बाई आता रुळल्या. संत्या तेवढा काही दिवस हात वर करत राहिला. त्याला काहीतरी विचारायचं असे, खरंखुरं, आणि तो हात बराच वेळ तसाच धरून ठेवी. बाई न थांबता म्हणत, “हात खाली घे, संतोष. आधी उतरवून घे.” मग दुसऱ्या हाताने कोपर धरून तो हात वर ठेवायला लागला. आणि एक दिवस त्याने तो वर केलाच नाही. बाईंनी लिहिता लिहिता वळून त्याच्याकडे पाहिलं, हात वर नाही हे नीट पाहिलं, आणि फळ्याकडे वळून उत्तराची पुढची ओळ लिहायला लागल्या.